रूझवेल्ट (आडनाव)

मूळचे डच, पण आज मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळणारे एक विरळ आडनाव. जुनी लेखनरूपे : व्हान रोझेनव्हेल्ट, रोझेव्हेल्ट, रोसव्हेल्ट इत्यादी. थिओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९, अध्यक्षपद १९०१–०९) आणि फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट (१८८२–१९४५, अध्यक्षपद १९३३–४५) या दोन राष्ट्राध्यक्षांमुळे ते जगभर पोचले. प्रसिद्धीच्या मानाने ते लावणारी कुटुंबे मात्र फार थोडी आहेत. ज्या घराण्याने हे नाव गाजवले, ते सगळे सतराव्या शतकाच्या मध्यास न्यू ॲम्स्टरडॅमला (आजचे न्यूयॉर्क) आलेल्या एका माणसापासून आणि त्याच्याही एकाच मुलापासून वाढले.

व्युत्पत्ती : डच भाषेत ‘रोस’ म्हणजे गुलाब आणि ‘व्हेल्ट’ म्हणजे शेत किंवा मोकळी जमीन. त्यामुळे ‘व्हान रोझेनव्हेल्ट’ याचा सरळ अर्थ ‘गुलाबांच्या शेताकडचा’ असा होतो. मराठीत ‘-कर’ हा प्रत्यय जे काम करतो, तेच डचमध्ये ‘व्हान’ हा शब्द नावाच्या आधी येऊन करतो. हे आडनाव म्हणजे मुळात ठिकाणाचा पत्ता होय. अशा ठिकाणाच्या नावात खरोखर गुलाब असतीलच असे नाही. जुन्या शेतनावांतील पहिले पद काळाच्या ओघात अपरिचित होते आणि लोक त्याला ओळखीच्या शब्दाचे रूप देतात, असा अनुभव नेदरलँड्सच्या स्थलनामांत वारंवार येतो. तरीही घराण्याने गुलाबाचा अर्थ मनापासून स्वीकारला आणि मानचिन्हातही तोच वापरला.

डच नामपद्धती : हे आडनाव समजण्यासाठी सतराव्या शतकातील डच रिवाज ध्यानात घ्यावा लागतो. त्या काळी सामान्य माणसाची ओळख स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागत असे. रूझवेल्ट घराण्याचा मूळ पुरुष ‘क्लास मार्टेन्सझेन’ म्हणजे मार्टेनचा मुलगा क्लास. त्याच्या मुलाचे नाव याच रीतीने ‘निकोलास क्लासझेन’ झाले असते आणि नातवाच्या वेळी पुन्हा बदलले असते. ‘व्हान’ने सुरू होणारे गावनाव गरज पडली तर जोडायचे, नाही तर सोडायचे. एकाच माणसाची दोन कागदपत्रांतील दोन नावे जुळवणे हे डच वंशशोधकांचे नित्याचे काम, आणि अनेक वंशवेली तिथेच थांबतात.

खुद्द नेदरलँड्समध्ये सर्वांना कायमचे आडनाव नोंदवणे भाग पडले ते नेपोलियनच्या १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने. शहरी आणि सधन घरांत ती पद्धत आधीच रुळली होती. ग्रामीण भागात, विशेषतः उत्तरेकडे, अनेकांनी त्याच वेळी नाव घेतले. लोकांनी चेष्टेने विचित्र नावे नोंदवली, ही लोकप्रिय समजूत कागदपत्रांपुढे टिकत नाही. तशी बरीच नावे फर्मानाच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. रूझवेल्ट घराण्याचे नाव या फर्मानाच्या शतकभर आधीच समुद्रापलीकडे, इंग्रजी अमलाखाली स्थिर झाले होते. इंग्रजी दफ्तरांना पिढीगणिक बदलणारे नाव सोयीचे नव्हते. एका डच नावाला पक्के रूप इंग्रजी दफ्तरांच्या छायेत मिळाले, ही या नावाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना मानली पाहिजे.

मूळस्थान : झीलंड प्रांतातील थोलेन बेटावरील आउट-व्होसमेर हे गाव या घराण्याचे मूळ गाव म्हणून सांगितले जाते. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या सुपीक जमिनीचा हा भाग. तिथे ‘व्हान रोझेव्हेल्ट’ नावाचे जमीनदार कुटुंब होते. मात्र ते कुटुंब आणि न्यू ॲम्स्टरडॅमचा क्लास यांना सांधणारा दुवा वादातीत नाही. क्लासने आपले गाव कोणते हे सांगणारा निर्विवाद कागद मागे ठेवला नाही. संबंध मानला जातो तो मुख्यत्वे नावाच्या आणि मानचिन्हाच्या साम्यावर. झीलंडने मात्र हे नाते अभिमानाने जपले आहे. प्रांताची राजधानी मिडलबर्ग येथे १९८६ मध्ये अमेरिकाविषयक अभ्यासाचे रूझवेल्ट केंद्र सुरू झाले, २००४ मध्ये रूझवेल्ट यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या चार स्वातंत्र्यांच्या नावाने दिले जाणारे पुरस्कार १९८२ पासून तिथे प्रदान होऊ लागले.

१९३० नंतरच्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी आणि पुढे नाझी प्रचारकांनी हे नाव मूळचे ‘रोझेनफेल्ट’ असून घराणे ज्यू असल्याचे पसरवले. न्यू ॲम्स्टरडॅममधील नोंदी डच रिफॉर्म्ड चर्चच्या आहेत आणि या दाव्याला त्यांत आधार नाही. याविषयी डेट्रॉइटच्या एका ज्यू वृत्तपत्राच्या संपादकाने विचारणा केली, तेव्हा १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी लिहिले की पूर्वज हॉलंडहून आले यापलीकडे आपल्याला माहीत नाही. फार मागे ते ज्यू, कॅथलिक वा प्रॉटेस्टंट कोणीही असू शकतील, आपल्याला महत्त्व वाटते ते ते चांगले नागरिक होते की नाही याचे. द्वेषातून विचारल्या जाणाऱ्या वंशाच्या प्रश्नाला इतके सभ्य उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

मूळ पुरुष : क्लास मार्टेन्सझेन व्हान रोझेनव्हेल्ट १६५० च्या आधी न्यू ॲम्स्टरडॅमला आला. परंपरेने १६४९ हे वर्ष धरतात. चार्ल्स बार्नी व्हिटल्सी याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घराण्याच्या वंशावळीचा आरंभही याच वर्षापासून आहे. क्लासच्या बायकोचे नाव यानेत्ये. त्यांचा थोरला मुलगा क्रिस्तिआन याच्या बाप्तिस्म्याची नोंद ऑक्टोबर १६५० मधली आहे. तो लहानपणीच वारला. १६५२ मध्ये क्लासने मॅनहॅटन बेटावर सुमारे ४८ एकरांची शेती विकत घेतली. ती जागा आजच्या मिडटाउन भागात, एम्पायर स्टेट इमारतीच्या परिसरात येते. त्या काळी ती वस्तीच्या तटबंदीबाहेरची, बऱ्याच अंतरावरची शिवारे होती.

१६५९ च्या सुमारास क्लास वारला आणि पाठोपाठ यानेत्येही. मुलींच्या संसारात हे आडनाव पुढे जाणार नव्हते. ते टिकण्याचा सगळा भार ऑक्टोबर १६५८ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या निकोलास या पोरक्या मुलावर आला. न्यू ॲम्स्टरडॅममध्ये अनाथांच्या मालमत्तेची आणि पालकत्वाची व्यवस्था पाहणारे स्वतंत्र न्यायमंडळ होते. त्या मंडळाची दफ्तरे टिकली नसती तर या कुटुंबाच्या दुसऱ्या पिढीविषयी फारसे लिहिता आले नसते. हा मुलगा जगला, म्हणून अमेरिकेच्या इतिहासात हे नाव आले.

निकोलास (१६५८–१७४२) सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच, १६६४ मध्ये, इंग्रजांनी वसाहत घेतली आणि न्यू ॲम्स्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. तो काही काळ हडसन नदीकाठच्या एसोपस येथे कातड्याच्या व्यापारात होता. पुढे शहरात परतून नगरसभेचा सदस्य झाला. ‘व्हान’ गाळून ‘रूझवेल्ट’ हे आजचे लेखन रूढ करण्याचे श्रेय त्याला दिले जाते.

लेखन व उच्चार : सतराव्या आणि अठराव्या शतकांतील कारकुनांनी हे नाव कानाला ऐकू आले तसे लिहिले. त्यामुळे कधी मधला ‘न’ येतो, कधी जातो. ‘ओ’ कधी एकेरी तर कधी दुहेरी. एका ठिकाणी तर ते ‘रोझवेल’ अशा इंग्रजी वळणावर गेलेले दिसते. यात हेळसांड नव्हती. निश्चित शुद्धलेखन ही कल्पनाच तेव्हा रुजायची होती. आधुनिक डच शुद्धलेखनाप्रमाणे या नावात ‘झ’साठी वेगळे अक्षर येते आणि शेवट ‘द’ने होतो. म्हणून अमेरिकन पद्धतीने लिहिलेले रूप नेदरलँड्समधील वाचकाला आपल्याच भाषेचे, पण जुन्या काळात थांबून राहिलेले वाटते.

इंग्रजी लेखनातील दोन ‘ओ’ पाहून परके लोक ‘रू’ असा उच्चार करतात. डचमध्ये दोन ‘ओ’ म्हणजे दीर्घ ‘ओ’. घराण्याने भाषा सोडली तरी हा उच्चार सोडला नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९८ मधील एका पत्रात आपल्या नावाचा पहिला भाग गुलाबाच्या इंग्रजी नावासारखा उच्चारावा आणि एकूण अवयव तीन आहेत, असे स्पष्ट केले होते. या हिशेबाने मराठीत ‘रोझवेल्ट’ किंवा ‘रोझव्हेल्ट’ असे लिहिणे योग्य ठरते. मराठी वृत्तपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ‘रूझवेल्ट’ हे रूप इतके रुळवले आहे, की वाचकाच्या सोयीसाठी शीर्षकात तेच ठेवले. मात्र नव्या लेखकांनी ‘रोझवेल्ट’ लिहिण्याची सवय अवश्य करावी.

डच भाषा या घरातून कशी ओसरली याची एक नोंद थिओडोर यांच्या आत्मचरित्रात आहे. त्यांना डचमधले एक बालगीत तेवढे येत होते आणि तेही शिकवले ते मूळची डच नसलेल्या आजीने. पुढे पूर्व आफ्रिकेच्या प्रवासात ते गीत तिथल्या काही बोअर वसाहतकऱ्यांनी ओळखले आणि त्या ओळखीतून त्यांच्याशी जवळीक झाली. दोन खंडांत विखुरलेल्या डच वंशजांमध्ये आडनावापेक्षाही अंगाईचा धागा जिवंत राहिला, हे नावांच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे.

शाखा : निकोलासच्या दोन मुलांपासून दोन शाखा निघाल्या. योहानेस (१६८९–१७५०) याच्यापासूनची शाखा लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे या गावाच्या नावाने ओळखली जाते. थिओडोर या शाखेचे. याकोबस (१६९२–१७७६) याच्यापासूनची शाखा हडसनकाठच्या हाइड पार्कची. फ्रँकलिन त्या शाखेचे. पहिली विसाव्या शतकात रिपब्लिकन पक्षाकडे, दुसरी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकली. दोन्ही राष्ट्राध्यक्षांचे नाते पाचव्या पिढीच्या चुलतभावांचे. थिओडोर यांची पुतणी एलिनॉर हिचा विवाह १९०५ मध्ये फ्रँकलिन यांच्याशी झाला आणि तिचे माहेरचे व सासरचे आडनाव एकच राहिले.

याकोबसचा मुलगा आयझॅक (१७२६–९४) साखरेच्या धंद्यात होता. संघराज्याच्या घटनेला मान्यता देणाऱ्या न्यूयॉर्कच्या १७८८ मधील सभेचा तो सदस्य होता आणि बँक ऑफ न्यूयॉर्कचा अध्यक्षही. निकोलस जे. रूझवेल्ट (१७६७–१८५४) याने ‘न्यू ऑर्लिन्स’ ही आगबोट १८११–१२ मध्ये पिट्सबर्गहून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांमधून न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेली. पश्चिमेकडील नद्यांवर वाफेच्या बोटीचा हा पहिला प्रवास. वाटेत मिसिसिपी खोऱ्यातील मोठे भूकंप झाले. रॉबर्ट बार्नवेल रूझवेल्ट (१८२९–१९०६) हा माशांच्या संवर्धनाचा पुरस्कर्ता १८८८–८९ मध्ये अमेरिकेचा नेदरलँड्समधील राजदूत होता. घराण्याच्या मूळ देशी त्याच आडनावाच्या माणसाने वकील म्हणून जावे, असा योग विरळाच. फ्रँकलिन यांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना न्यू ॲम्स्टरडॅममधील आपल्या घराण्यावर निबंध लिहिला होता.

आजचा प्रसार : नेदरलँड्समधील मेर्टेन्स संस्थेने तयार केलेल्या आडनावकोशात तीन लाखांहून अधिक नावे नोंदलेली आहेत. त्यातील संख्या १९४७ ची जनगणना आणि २००७ ची लोकसंख्या नोंद यांवर आधारलेल्या आहेत. पाचांपेक्षा कमी माणसे असलेल्या नावांची नेमकी संख्या खासगीपणा जपण्यासाठी दाखवली जात नाही. एका बाजूला ‘डे योंग’ हे ८० हजारांहून अधिक लोकांचे नाव आणि दुसऱ्या बाजूला मोजक्या घरांत उरलेली हजारो नावे, असे डच आडनावांचे चित्र आहे. अमेरिकन लेखनातील ‘रूझवेल्ट’ डच भूमीवर रुजलेले नाही. अमेरिकेत दोन शाखांचे वंशज न्यूयॉर्क आणि ईशान्येकडील राज्यांत अधिक असले, तरी देशभर पांगले आहेत. आडनाव पुरुषवंशाने जाते, तेव्हा प्रसार मुलग्यांच्या संख्येवर ठरतो. थिओडोर यांना चार मुलगे. त्यांतील क्वेंटिन १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर विमानातून लढताना अविवाहित असतानाच मरण पावला. फ्रँकलिन यांचेही चार मुलगे वाढले. नंतरच्या पिढ्यांतील रूझवेल्ट बहुधा या आणि काही बाजूच्या फांद्यांतून आले आहेत.

व्यक्तिनाम म्हणून : आडनाव म्हणून जे विरळ राहिले ते स्वतःच्या नावाच्या रूपात मात्र अमेरिकेत दूरवर पसरले, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत. १९०१ मध्ये थिओडोर यांनी कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले, त्यावरून दक्षिणेत मोठे वादळ उठले; पण ज्यांना हा सन्मान आपला वाटला त्यांनी मुलांना हे नाव दिले. ब्लूज पियानोवादक रूझवेल्ट साइक्स (जन्म १९०६) आणि बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन (जन्म ३१ जानेवारी १९१९) ही दोन ठळक उदाहरणे. रॉबिन्सनचा जन्म थिओडोर यांच्या निधनानंतर महिन्याच्या आत झाला. आडनावाच्या प्रसाराचा नकाशा काढताना ही माणसे गाळली जातात. वस्तुतः या नावाचा खरा विस्तार त्यांच्यातच झाला.

स्थलनामे : ब्राझीलमधील रूझवेल्ट नदी (१९१४ पूर्वी ‘संशयाची नदी’), अंटार्क्टिकातील रूझवेल्ट बेट (१९३४), न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीतील त्याच नावाचे बेट, पॅरिसमधील मेट्रो स्थानक (१९४६). ॲम्स्टरडॅममध्ये १९४६ साली तीन रस्त्यांना रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांची नावे दिली. १९५६ मध्ये स्टालिनचे काढून तिथे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आला, रूझवेल्ट यांचे राहिले.

मानचिन्ह : रुपेरी ढालीवर टेकाडातून उगवलेले तीन गुलाब. लॅटिन बोधवाक्याचा अर्थ : ज्याने लावले तो जोपासेल.

भारताशी संबंध : महात्मा गांधींनी १ जुलै १९४२ रोजी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथून फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. नवी दिल्लीतील अमेरिकी राजदूताचे निवासस्थान ‘रूझवेल्ट हाउस’ म्हणून ओळखले जाते; त्याचे वास्तुशिल्पी एडवर्ड ड्युरेल स्टोन.