देवळाशेजारची शाळा

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठीं शाळेविषयीं चार शब्द लिहून द्यावेत, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. मंडळाची अपेक्षा अशी दिसते कीं, आम्हीं निकालांचे आंकडे, ढाली व चषक यांची यादी द्यावी आणि शेवटीं आशीर्वाद लिहून सही करावी. ती यादी मुख्याध्यापकांच्या अहवालांत याच अंकीं येत आहे. ती दोनदां छापण्यांत अर्थ नाहीं. आम्हांस निराळी हकीकत सांगावयाची आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली या टापूंत देवळाशेजारीं शाळा असावी ही चाल आली कोठून, ती कधीं मोडली आणि मोडल्यावर कोणाच्या बळावर पुन्हां उभी राहिली, हें आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींस ठाऊक असावें. सेमिनरींत असतांना रोम व अंत्युखिया यांचा इतिहास आम्हांस सनावळीसह मुखोद्गत होता. ठाण्याचा कोणी विचारला नाहीं, आणि आम्हींहि कोणास विचारला नाहीं.

आरंभ कल्याणापासून करावा लागतो. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक लेखकानें 'कल्लियाना' येथें ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांत अभिषेक होऊन येतो, असें लिहून ठेविलें आहे. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याण बंदर, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या मंडळींची प्रार्थनेची भाषा सिरियाक. बाजाराची अर्थात् येथली. पुढें १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन साधु ठाण्यास उतरले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री अशीं त्यांचीं नांवें. ठाण्यांत त्या वेळीं थोडीं नेस्तोरियन ख्रिस्ती घरें होतीं. तेथेंच त्यांना आसरा मिळाला. धर्मविषयक वाद होऊन सुलतानी अंमलदाराच्या हुकुमानें चौघांचाहि वध झाला. त्यांचा सोबती डॉमिनिकन जॉर्डानुस यानें त्यांना सोपाऱ्यास पुरलें, आणि कांहीं वर्षांनीं ओदोरिक नांवाच्या प्रवासी साधूनें त्यांच्या अस्थि थेट चीनपर्यंत नेल्या. शाळा काढण्याइतका अवसर त्यांना मिळाला नाहीं. परंतु चौघांतील दिमित्री हा दीक्षित गुरु नसून साधा बंधु होता आणि त्याला अनेक भाषा येत होत्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण परक्या मुलखांत धर्म पहिलें पाऊल टाकतो तो दुभाष्याच्या आधारानें.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला व साष्टीहि त्यांच्याकडे गेली. फ्रान्सिस्कन साधूंनीं मंडपेश्वरास मुलांची शाळा घातली. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ व १५४८ या सालीं वसईस येऊन गेले, आणि त्यांच्या मागोमाग येशूसंघीय या भागांत स्थिर झाले. ठाण्यास त्यांनीं मुलांचें जें वसतिगृह चालविलें, त्याचा भार फादर गोन्सालो रॉड्रिग्ज यांनीं वाहिला. या वसतिगृहाची रीत आजहि विचार करण्याजोगी आहे. प्रार्थना व अक्षरें शिकून झालीं म्हणजे मुलें कामास लागत. कोणी शिवणकाम शिके, कोणी विणकाम, कोणी जोडे शिवणें, कोणी शेतांत नांगरामागें चाले. ठाणें हें तेव्हां रेशमी कापडाचें गांव. येथले ख्रिस्ती विणकर पुढें कित्येक पिढ्या नांवाजलेले होते. अक्षर शिकलेला हात मागावर बसला तर विटाळेल, असें त्या गुरूंना वाटलें नाहीं. शिकून सवरून तयार झालेल्या कुटुंबांसाठीं त्यांनीं साष्टीच्या आंतल्या बाजूस पवित्र त्रैक्याच्या नांवानें शेतकऱ्यांचें एक गांवच वसविलें. आमच्या हायस्कुलांत हस्तकलेचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली कीं गणिताच्या मास्तरांस उसना द्यावयाचा तास. म्हणून हें जरा विस्तारानें लिहिलें.

या चित्राची दुसरी बाजू आहे, आणि ज्युबिलीचा अंक म्हणून ती झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १५५९ सालीं पोर्तुगालच्या राजाच्या नांवें आज्ञा निघाली कीं, पितृहीन झालेलीं हिंदु मुलें ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करून त्यांना धर्मशिक्षण द्यावें. ती प्रथम गोव्यासाठीं निघाली, पण तिची छाया वसई प्रांतावरहि पडली. आजोबा, काका, मामा घरांत असतांना पोर उचलून नेलें तर त्या घरांत काय आकांत होत असेल, हें सांगावयास इतिहासकार नको. त्या वसतिगृहांतील कितीएक मुलें उपासमारींतून वांचून आलीं असतील; कांहीं मात्र अशींहि आलीं असतील. पवित्र शिक्षणाच्या नांवाखालीं बळजबरी झाली तेथें ती बळजबरीच होती, असें आमचें मत आहे.

त्याच काळांत वसईस येशूसंघीयांच्या शाळेंत एक मुलगा शिकत होता. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. गोन्सालो गार्सिया हें त्याचें नांव. पंधराएक वर्षांचा असतांना तो धर्मगुरूंबरोबर जपानास गेला, तेथील भाषा उत्तम शिकला आणि धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा फळास आली नाहीं. तेव्हां तो व्यापारांत पडला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु झाला. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर तो दुभाष्या म्हणून परत जपानांत आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर त्याला इतर पंचवीस जणांसह क्रूसावर चढविलें गेलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्याला संतपद दिलें. आमच्या प्रदेशाचा हा पहिला संत. गुरुपद त्याला लाभलें नाहीं, हवें तें दारहि उघडलें नाहीं. ज्या पालकांचीं मुलें पहिल्या दहांत येत नाहींत, त्यांनीं हें चरित्र घरीं अवश्य वाचावें.

आतां भाषेविषयीं. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ त त्यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. लिपि रोमन, पण भाषा मराठी, आणि छंद ओवीचा; ओव्या सुमारें अकरा हजार. पुढें १६५९ सालीं फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचें प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण आमच्या मुंबई-साष्टीच्या बोलींत निघालें, आणि उपवासकाळांत तें घरोघर गाइलें जाऊं लागलें. तिकडे १६८४ सालीं गोव्यांत फर्मान निघालें कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. फर्मानाचे कागद दप्तरांत राहिले. माजघरांत म्हाताऱ्या बायका पुराण म्हणत राहिल्या.

त्या म्हणण्याचें मोल १७३७ नंतर कळलें. त्या वर्षींच्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें. १७३९ च्या मेमध्यें वसई पडली. युरोपियन संघ निघून गेले. उत्पन्नें बुडालीं, विद्यालयें ओस पडलीं, छपरें कोसळलीं. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावें कीं, आतां या लोकांचा ख्रिस्ती धर्म दहापांच वर्षांचा सोबती. पण १७६० सालीं आंकेतील द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टींतून फिरत गेला, तेव्हां त्याला ठाण्याच्या देवळांत ख्रिस्ती लोकांची मोठी गर्दी आणि सणाचा उघड थाट दिसला. पौरोहित्य देशी गुरूंचें होतें आणि मराठी अंमलदारांची हरकत नव्हती. वीस-बावीस वर्षें शाळेंतल्या लॅटिनला कोणी वाली नसतां ही श्रद्धा कशी टिकली? आमच्या अल्प मतीप्रमाणें, जें मुलांना त्यांच्या आईच्या भाषेंत दिलें गेलें होतें तें टिकलें. देशी धर्मगुरूंनीं व घरच्या माणसांनीं मिळून चालविलेली ती बिनभिंतींची शाळा होती, आणि आमच्या सर्व शिक्षणसंस्थांची खरी आजी तीच.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली. या दोन रुळांनीं आमच्या लोकांचें भवितव्य ठरविलें. रेल्वेंत, गोदींत, सरकारी कचेऱ्यांत ज्याला इंग्रजी येई त्याला पगार मिळे. १८५४ सालीं खासगी शाळांना सरकारी अनुदानाचें धोरण जाहीर झालें, १८५७ त मुंबई विद्यापीठ निघालें, १८६४ त माझगांवास सेंट मेरीज व १८६९ त सेंट झेवियर्स हायस्कूल सुरू झालें. ठाण्यांत पारशी दाते बैरामजी जीजीभाई यांच्या नांवाचें हायस्कूल होतेंच. ज्यांना ऐपत होती त्यांचीं मुलें गाडीनें मुंबईस जाऊं लागलीं. ज्यांना नव्हती त्यांचीं शेतावर, मिठागरांत राहिलीं. १८८७ सालीं, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, मराठी बोलणाऱ्या या समाजानें आपल्या संस्थेस 'ईस्ट इंडियन' हें इंग्रजी नांव घेतलें. त्याबद्दल त्यांना हंसूं नये. पोर्तुगीज समजले जाऊन नोकरींत मागें पडण्यापेक्षां कंपनीच्या जुन्या नांवाची ओळख त्यांना बरी वाटली. पोटापाण्याचा प्रश्न होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा सगळा टापूच बदलला. १९४९ सालीं मॅट्रिक जाऊन एस. एस. सी. आली, आणि त्याच वर्षीं कल्याणजवळच्या निर्वासित छावणीचें उल्हासनगर झालें. १९६२ पासून वागळे इस्टेटींत कारखाने उभे राहिले. मंगळूर, गोवा, केरळ, तामिळनाडु येथून कुटुंबें आलीं, तशींच कोंकणांतून व देशावरून आलीं. ठाण्यास मासुंदा तलावाच्या कांठीं सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या देवळाशेजारीं हायस्कूल आहे. कल्याणास व डोंबिवलीसहि कॅथोलिक शाळा निघाल्या. १९८८ सालीं कल्याण हें सिरो-मलबार धर्मप्रांताचें पीठ झालें, आणि कॉस्मसनें पाहिलेली पूर्वेकडील परंपरा चौदाशें वर्षांनीं जणूं पत्ता शोधीत घरीं आली. अशा वर्गांत कोंकणी, मल्याळी, तमिळ व मराठी मुलें एका बांकावर बसावींत, तर सर्वांना सारखीच परकी अशी इंग्रजी ही सोयीची भाषा ठरते. ही सोय आम्हांस कळते. तिचा लाभहि झाला. याच बांकांवरून परिचारिका, मोटरमन, अभियंते, न्यायाधीश उठले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रांत सांगितलें कीं, कॅथोलिक शाळांनीं जे गरीब आहेत, ज्यांना घरची माया नाहीं, जे आपल्या श्रद्धेचे नाहींत त्यांची विशेष काळजी घ्यावी. त्यांतील शेवटची गोष्ट आम्हीं बरी पाळली आहे. पहिलीविषयीं आम्ही इतक्या खात्रीनें बोलणार नाहीं.

शाळेचें गांवाशीं नातें काय असतें, तें आम्हीं २६ जुलै २००५ च्या रात्रीं पाहिलें. आम्ही तेव्हां तरुण सहाय्यक धर्मगुरु होतों. पाणी चढत होतें, गाड्या बंद, फोन मुके. कोणास विचारावें हा प्रश्नच नव्हता. शाळेच्या शिपायानें किल्ल्या काढून वरच्या मजल्यावरचे सर्व वर्ग उघडले. स्टेशनावर अडकलेलीं, चाळींतून निघालेलीं माणसें बांकांवर निजलीं. ज्या बायका एरवीं फी भरण्याच्या खिडकीशीं दबून उभ्या राहात, त्यांनीं रात्रभर खिचडी शिजविली. दहावीच्या दोन मुलांनीं तळच्या जिन्यांतील फळ्यावर आंत असलेल्या प्रत्येकाचें नांव मराठींत लिहून काढलें, म्हणजे शोधावयास येणाऱ्यास वाचतां यावें. सकाळीं एक म्हातारा गुडघाभर पाण्यांत उभा राहून तो फळा बोटानें वाचीत होता. त्याला हवें असलेलें नांव तिसऱ्या ओळींत होतें. आमच्या आयुष्यांत शाळेचा याहून मोठा निकाल लागलेला आम्हीं पाहिला नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना तेथील शाळेची मराठी शाखा पटसंख्येअभावीं बंद करण्याच्या ठरावावर आमचीहि सही झाली. कारणें खरीं होतीं. पालकच मुलें इंग्रजी शाखेंत घालीत होते, आणि रिकाम्या वर्गांवर शिक्षक ठेवतां येत नव्हते. पण शेवटच्या तुकडींत जीं थोडीं मुलें उरलीं होतीं तीं बहुतेक आदिवासी पाड्यावरचीं व घरकाम करणाऱ्या बायकांचीं होतीं. त्यांतील किती जणांनीं पुढें दुसरी शाळा धरली याची आम्हीं चौकशी केली नाहीं. सही करण्यास जितका वेळ लागला तितक्या वेळांत ती करतां आली असती.

आमच्या येथें जूनच्या मध्यावर शाळा उघडते, आणि २४ तारखेस योहान बाप्तिस्ताचा सण येतो. त्याचा बाप जखऱ्या मुका झालेला होता. पोराचें नांव काय ठेवावें, म्हणून शेजारीपाजारी घोळ घालीत असतां त्यानें खूण करून पाटी मागितली आणि तीवर नांव लिहिलें. लिहितांच त्याची जीभ मोकळी झाली. यंदां सणाच्या मिस्सेंत शाळेंत नव्यानें दाखल झालेल्या मुलांनीं एकेक पाटी घेऊन यावें, तीवर आपलें नांव मराठींत लिहावें आणि ती वेदीच्या पायरीवर ठेवावी, असें आम्हीं शिक्षकमंडळींस कळविलें आहे. घरची भाषा कोणतीहि असो. ज्यांना मराठी अक्षरें येत नाहींत त्यांना शेजारच्या मुलानें शिकवावीं. त्यासाठीं पंधरा दिवस पुरेसे आहेत. पाट्या व पेन्सिली देवळांतून मिळतील.