रिकाम्या पुंगळीचा इतिहास

मराठीत बंदुकीविषयीचे जे शब्द रुळले आहेत, त्यांत एक गमतीदार भेद आढळतो. ‘ठासणीची बंदूक’ म्हटले की ती वापरणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर येतो. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानावर टोपी चढवायची, ही सारी क्रिया त्या नावातच आहे. ‘काडतूस’ या पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दात मात्र असा कोणताही हात दिसत नाही. काडतूस हे तयार मिळते. ते कोणी भरले, कशाने भरले, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही उरत नाही. ठासणीकडून काडतुसाकडे झालेला हा प्रवास शस्त्रविद्येच्या इतिहासात प्रगती म्हणून नोंदवला जातो. ती प्रगती आहेच. परंतु त्या प्रवासात एक ज्ञान वापरणाऱ्याच्या हातातून निसटले, आणि काही माणसांनी अत्यंत स्वस्त अवजारांच्या आधाराने ते परत मिळवले. या दुसऱ्या, कमी सांगितल्या गेलेल्या इतिहासाचा मागोवा आम्हांला येथे घ्यायचा आहे.

‘काडतूस कोणी भरले?’ हा प्रश्न आपल्याकडे एकदा फार मोठ्या आवाजात विचारला गेला. 1857 च्या जानेवारीत डमडम येथे एन्फील्ड बंदुकीच्या कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीविषयी शिपायांत कुजबुज सुरू झाली. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही या काडतुसांच्या वार्तेला जागा मिळाली आहे. उठावाची कारणे अनेक होती आणि त्यांची चर्चा अन्यत्र भरपूर झाली आहे. आम्हांला येथे एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. असंतोषाची चाहूल लागताच सरकारने त्याच महिन्यात असा तोडगा काढला की काडतुसे बिनचरबीची द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. म्हणजे तयार वस्तूवरचा विश्वास उडाला, तेव्हा तिच्या घडणीतला एक टप्पा वापरणाऱ्याच्या हाती परत देण्यात आला. तोवर उशीर झाला होता, हे सर्वांना माहीत आहे.

योगायोग असा की त्याच 1857 साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या काडतुसावर चालणारे आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असे. घोड्याने काठ चेपला की बार उडे. सोय मोठी होती, पण एकदा चेपलेली पुंगळी कायमची निकामी होई. ती फेकून देण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता.

हे चित्र 1866 मध्ये बदलले. बुडाच्या मध्यभागी वेगळी, काढता-घालता येणारी टोपी बसवण्याच्या दोन पद्धती त्या वर्षी पुढे आल्या. एक अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची, दुसरी इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांची. टोपीतला मसाला पेटण्यासाठी तो ज्यावर आपटेल अशी एक इवलीशी ऐरण लागते. बर्डन यांनी ती ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि ज्वाला आत जाण्यासाठी तिच्या कडेला बारीक छिद्रे ठेवली. बॉक्सर यांनी ऐरण टोपीच्या आत घातली आणि पुंगळीला बरोबर मध्यावर एकच छिद्र दिले. इतिहासाची थट्टा अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण मध्यावर एकच छिद्र असले की तोंडाकडून एक साधी सळई घालून, तिच्यावर ठोका देऊन जुनी टोपी बाहेर पाडता येते. बर्डन पद्धतीत ते इतके सोपे नाही. अमेरिकेत घरोघरी काडतुसे पुन्हा भरण्याची परंपरा रुजली, तिच्यामागे हे एक मधले छिद्रही आहे.

उडालेल्या काडतुसात खरोखर काय संपते, हे येथे पाहिले पाहिजे. काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर तीन खर्ची पडतात आणि पुंगळी उरते. या चारांत घडवायला सर्वांत अवघड तीच. बार होताना ती फुगून बंदुकीच्या पोकळीला चिकटते आणि लगेच किंचित आक्रसते. तेवढी मान पुन्हा आवळली, नवी टोपी, दारू आणि गोळी बसवली, की तेच काडतूस पुन्हा उभे राहते.

1870 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात या ज्ञानाचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. रानगव्यांच्या, म्हणजे बायसनच्या, कातड्यापासून यंत्रांचे पट्टे करण्याची युक्ती चर्मकारखान्यांना 1871 च्या सुमारास साधली, आणि कातड्यासाठी शिकार करणाऱ्यांच्या टोळ्या मैदानात उतरल्या. दुकानापासून दूर, महिनोन्महिने तळ ठोकून राहणारे हे शिकारी दारू, टोप्या आणि शिसे बरोबर नेत. रात्री शेकोटीवर शिसे वितळवून गोळ्या ओतत आणि दिवसभराच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत. संहाराचे कारण ही अवजारे होती असे म्हणता येणार नाही. रेल्वे, बाजारपेठ आणि मूळ रहिवाशांविषयीचे सरकारी धोरण ही कारणे त्याहून बलवत्तर होती. परंतु स्वस्तात पुन्हा भरता येणाऱ्या पुंगळीने शिकाऱ्याला तळावर टिकून राहण्याचे बळ दिले, हे नाकारता येत नाही. दहा-पंधरा वर्षांत कोट्यवधींचे कळप नाहीसे झाले. कोमांची, शायन, लकोटा या लोकांचे सारे जीवनच त्या जनावरावर उभे होते, तेही कोसळले. काटकसर हा आपण सद्गुण मानतो. परंतु काटकसर कशासाठी, हा प्रश्न तिला विचारावाच लागतो.

1884 मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे आयडियल नावाची कंपनी काढली. तिचे प्रसिद्ध अवजार दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखे होते. दोन दांड्यांच्या मध्ये पुंगळी धरून दाबायची, एवढेच त्याचे तंत्र. कंपनीने अवजारांबरोबर माहितीपुस्तिकाही काढल्या. अवजार विकायचे तर वाचक घडवावा लागतो, हे तिने ओळखले होते.

ही ओळख लवकरच जीवनमरणाची ठरली. 1884 मध्येच पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली. काळी दारू पुंगळी जवळजवळ भरून टाकी, त्यामुळे मापात मोठी चूक सहसा होत नसे. नवी दारू त्याच कामाला कितीतरी कमी लागते. पुंगळीत जागा मोकळी राहते, आणि विसरून दोनदा दारू ओतली गेली तरी अनेकदा ती पुंगळीत मावते. अशा वेळी बंदूकच फुटते. त्यामुळे कोणती दारू, किती वजनाची गोळी, किती माप, हे लिखित कोष्टकावाचून करणे म्हणजे आत्मघात ठरू लागला. फिलिप शार्प यांचा 1937 चा जाडजूड ग्रंथ याच गरजेतून जन्मला. मौखिक परंपरेतले एक कौशल्य असे ग्रंथनिष्ठ झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली लष्करी दारू ब्रूस हॉजडन यांनी कॅन्ससमधून सामान्य ग्राहकाला विकायला सुरुवात केली आणि हा छंद बहरला. मेजावर पक्की बसवायची यंत्रे मात्र सर्वांना परवडत नव्हती. विस्कॉन्सिन राज्यातील हार्टफर्ड येथे रिचर्ड ली यांनी 1958 मध्ये घरच्या कारखान्यात एक हाती संच तयार केला. प्रथम छऱ्याच्या बंदुकीसाठी आणि पुढे रायफलसाठी निघालेला हा ‘ली लोडर’ खिशात मावेल एवढा होता. एक पोलादी नळी, टोपी पाडण्याची सळई, दारूचे चमच्यासारखे माप आणि एक कोष्टक. उरलेले काम साध्या हातोडीचे. नवशिक्यांच्या कित्येक पिढ्यांनी याच संचावर पहिला धडा गिरवला.

या स्वस्त संचाच्या मर्यादाही बोलक्या आहेत. तो पुंगळीची फक्त मान आवळतो, उरलेले अंग फुगलेलेच राहते. म्हणून ती पुंगळी ज्या बंदुकीतून उडाली, तिच्यातच निर्धास्तपणे परत जाते. माप कोष्टकातल्या दारूपुरतेच खरे असते. हातोडीने टोपी बसवताना ती कधी फुटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. वारंवार वापराने पितळ ताठर होते, मानेला चीर जाते, आणि अशी पुंगळी ओळखून बाजूला काढावी लागते. संचाची किंमत कमी होती, ती उरलेली किंमत माणसाच्या अवधानाने भरायची होती म्हणून.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. इंग्रजांनी खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये उभारला, 1878 च्या कायद्याने शस्त्रे परवान्याच्या चौकटीत आणली, आणि 1959 च्या कायद्यानुसारही परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. काडतूस आपल्या लेखी कारखान्यातून येणारी वस्तूच राहिली. त्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु दोन प्रश्न उरतात. ‘यात काय भरले आहे?’ हा पहिला, 1857 च्या शिपायाचा. स्वतःच्या हाताने पुंगळी भरणाऱ्याला त्याचे उत्तर मिळाले, आणि चूक झाली तर ती आपलीच, ही जबाबदारीही त्याबरोबर आली. ‘हे भरलेले कोणावर उडणार आहे?’ हा दुसरा. मैदानातल्या शेकोटीपाशी बसून नीटनेटकेपणे पुंगळ्या भरणाऱ्या शिकाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख माहीत होते. दुसरा त्याने स्वतःला विचारला नाही. साधनाचे ज्ञान पूर्ण झाले म्हणजे ज्ञान पूर्ण झाले असे नव्हे, एवढे तरी रिकाम्या पुंगळीच्या या इतिहासातून घेता येईल असे आम्हांला वाटते.