गिरणगावातील पूर्वजांच्या निवासस्थानांचा शोध

गिरणगावातील पूर्वजांच्या निवासस्थानांचा शोध म्हणजे मुंबईतील गिरणगाव या कापड गिरण्यांच्या परिसरात एकोणिसाव्या व विसाव्या शतकात राहिलेल्या कुटुंबांचे राहते ठिकाण जुनी कागदपत्रे, नकाशे आणि आठवणी यांच्या आधारे निश्चित करण्याची प्रक्रिया होय. हा शोध कौटुंबिक इतिहास, कामगार इतिहास आणि नगररचनेचा अभ्यास या तिन्हींशी संबंधित आहे. गिरण्या बंद पडल्यानंतर येथील चाळी, रस्त्यांची नावे आणि जमिनीचा वापर मोठ्या प्रमाणात बदलला. त्यामुळे जुन्या पत्त्यावरून आजची जागा ओळखणे अनेकदा कठीण जाते. भाडेहक्क आणि गिरणी कामगारांसाठीची घरे यांच्याशीही या नोंदींचा संबंध येतो.

पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी ही मुंबईतील पहिली कापड गिरणी होय. ताडदेव येथील या गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढील काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी आणि दादर या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या व त्यांच्याभोवती कामगारांची दाट वस्ती वाढली. या पट्ट्यास गिरणगाव हे नाव रूढ झाले.

कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचे प्रमाण विशेष मोठे होते. सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर आदी जिल्ह्यांतूनही कामगार आले. मदनपुरा भागात उत्तर भारतातून आलेल्या मुस्लिम विणकरांची वस्ती होती, तर तेलुगूभाषक पद्मशाली विणकरही येथे स्थायिक झाले. अनेक पुरुष कुटुंब गावी ठेवून एकटे राहत आणि शेतीच्या हंगामात किंवा सणासुदीला गावी परतत. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत लाखो लोकांनी शहर सोडले. परत आलेली कुटुंबे पूर्वीच्याच खोलीत राहिली असे गृहीत धरता येत नाही.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि असंख्य कुटुंबे गावी किंवा मुंबईच्या उपनगरांत गेली. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन पुनर्विकासाचा विषय ठरली. फिनिक्स मिलच्या आवारात व्यापारी संकुल झाले, श्रीनिवास मिलच्या जागी निवासी मनोरे उभे राहिले आणि दादर येथील इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली.

वस्तीचे प्रकार

पूर्वज कोणत्या प्रकारच्या वस्तीत राहत होते यावर कोणत्या नोंदी मिळू शकतील हे बरेच अवलंबून असते.

खासगी चाळी: घरमालकांनी भाड्यासाठी बांधलेल्या या चाळी मालकाच्या, देवतेच्या किंवा गावाच्या नावाने ओळखल्या जात. मालक बदलल्यावर चाळीचे नावही बदले, परंतु रहिवासी अनेकदा जुनेच नाव वापरत. एकाच नावाच्या चाळी निरनिराळ्या भागांत आढळतात.

गिरण्यांच्या चाळी: काही गिरणीमालकांनी आपल्या कामगारांसाठी चाळी बांधल्या. अशा ठिकाणी नोकरी आणि निवास यांच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असण्याची शक्यता अधिक असते.

बीआयटी चाळी: प्लेगनंतर १८९८ च्या कायद्यान्वये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. या मंडळाने आग्रीपाडा, परळ, माझगाव आदी ठिकाणी क्रमांक असलेल्या चाळी बांधल्या. १९३३ मध्ये मंडळाचे काम मुंबई महानगरपालिकेकडे आले.

बीडीडी चाळी: १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने वरळी (१२१), नायगाव (४२), डिलाईल रोड (३२) आणि शिवडी (१२) येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले आणि ८० खोल्या अशी यांतील इमारतींची सर्वसाधारण रचना होती. चाळ व खोली या दोहोंना क्रमांक असल्याने हे पत्ते तुलनेने सहज जुळतात. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड येथील चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत असल्याने मूळ इमारती टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत.

गावाच्या खोल्या: एकाच गावातील पुरुष वर्गणी काढून सामायिक खोली भाड्याने घेत. पाळीनुसार कामावर जाणारे कामगार अशा खोलीत आळीपाळीने झोपत आणि जवळच्या खानावळीत जेवत. भाडेपावती एकाच व्यक्तीच्या किंवा ग्रामस्थ मंडळाच्या नावावर असल्याने इतरांची नोंद घरमालकाकडे सापडत नाही. गोव्यातील गावांनी मुंबईत चालवलेले ‘कूड’ नावाचे क्लब याच स्वरूपाचे होते. ते प्रामुख्याने धोबीतलाव, माझगाव या भागांत होते आणि त्यांत जहाजांवर काम करणाऱ्यांचा मोठा भरणा असे.

जुन्या पत्त्याचे स्वरूप

गिरणगावातील जुना पत्ता सहसा घरक्रमांक व रस्ता अशा स्वरूपाचा नसे. चाळीचे नाव, मजला, खोली क्रमांक, जवळची गिरणी किंवा नाका आणि शेवटी टपाल विभाग असा त्याचा क्रम असे. ‘अमुक मिलच्या समोर’ किंवा ‘तमुक खानावळीच्या मागे’ एवढीच खूण पत्रावर असली तरी ती पुरेशी ठरे. गिरणी किंवा खानावळ नाहीशी झाल्यावर मात्र अशा पत्त्याचा आधारच नष्ट होतो.

टपाल विभागाचा क्रमांक हा त्यामानाने टिकाऊ दुवा आहे. भारतात १९७२ मध्ये पिनकोड पद्धत सुरू होण्यापूर्वी मुंबईतील पत्त्यांवर ‘मुंबई-१२’ असा क्रमांक लिहिला जात असे. हेच क्रमांक पुढे पिनकोडच्या अखेरीस कायम राहिले. त्यामुळे ‘मुंबई-१२’ म्हणजे परळ (४०००१२), ‘मुंबई-१३’ म्हणजे डिलाईल रोड (४०००१३), ‘मुंबई-११’ म्हणजे जेकब सर्कल (४०००११) आणि ‘मुंबई-१८’ म्हणजे वरळी (४०००१८) असे जुन्या पोस्टकार्डावरून किंवा मनिऑर्डरच्या पावतीवरून ठरवता येते. पुढील काळात टपाल विभागांच्या हद्दींत काही फेरबदल झाले असल्याने या क्रमांकावरून परिसर कळतो, नेमकी इमारत कळत नाही.

बदललेली नावे

स्वातंत्र्योत्तर काळात अनेक रस्ते, चौक आणि स्थानकांची नावे बदलली. शोधात वारंवार आढळणारी काही नावे पुढीलप्रमाणे आहेत:

- डिलाईल रोड – ना. म. जोशी मार्ग
- आर्थर रोड – साने गुरुजी मार्ग
- फर्ग्युसन रोड – पांडुरंग बुधकर मार्ग
- तुळशी पाइप रोड – सेनापती बापट मार्ग
- क्लार्क रोड – केशवराव खाड्ये मार्ग
- हेन्स रोड – डॉ. ई. मोझेस मार्ग
- रिपन रोड – मौलाना आझाद मार्ग
- जेकब सर्कल (सात रस्ता) – संत गाडगे महाराज चौक
- एल्फिन्स्टन रोड स्थानक – प्रभादेवी स्थानक (२०१८)

यांपैकी डिलाईल रोड, आर्थर रोड व सात रस्ता ही जुनी नावे बोलण्यात अजूनही प्रचलित आहेत. जुन्या नावांच्या उगमासाठी सॅम्युएल शेपर्ड यांचा १९१७ मधील मुंबईच्या स्थलनामांवरील ग्रंथ उपयुक्त आहे.

मूळ गावाच्या जिल्ह्याचे नावही बदललेले असू शकते. १९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. त्यामुळे आज सिंधुदुर्गात असलेले गाव जुन्या कागदांत ‘जि. रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी संस्थान’ असे नोंदलेले दिसते.

शोधाची साधने

घरातील कागदपत्रे

शोधाची सुरुवात सामान्यतः घरातील कागदांपासून होते. भाडेपावती, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या आणि पत्रे यांवर चाळीचे नाव व खोली क्रमांक आढळतो. मुंबईत शिधावाटप १९४३ मध्ये सुरू झाले. शिधापत्रिकेवर कुटुंबातील सर्व व्यक्तींची नावे असल्याने खोलीत कोण राहत होते हेही तिच्यावरून समजते.

मूळ गावातील नोंदी

मुंबईतील पत्ता हरवला असला तरी गावातील नोंदींतून तो पुन्हा हाती लागू शकतो. गावच्या शाळेचे नोंदवहीपत्रक, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असलेले कोतवाल बुक (गाव नमुना १४) आणि जमिनीचे फेरफार यांवरून नातेसंबंध व तारखा ठरवता येतात. ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखांच्या वर्गणीवह्यांत सभासदांचे मुंबईतील पत्ते असतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या वंशावळी नोंदलेल्या असतात.

गिरण्यांच्या नोंदी

गिरणीत कामगाराची ओळख त्याच्या खात्यावरून आणि तिकीट नंबरावरून होत असे. हजेरीपत्रक, पगारपत्रक, रजेची नोंदवही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि राज्य कामगार विमा योजनेचे ओळखपत्र ही यातील प्रमुख साधने होत. बदली कामगारांची नोंद कायम कामगारांप्रमाणे सलग नसते. नावापुढे आडनाव नसून केवळ वडिलांचे नाव असणे, किंवा एकच आडनाव इंग्रजीत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असणे, या नेहमीच्या अडचणी आहेत. १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले व त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. त्यामुळे पूर्वज कोणत्या गिरणीत होते हे कळल्यास नोंदी कोणाकडे मागाव्यात हे ठरवणे सोपे जाते.

महापालिका व शासकीय नोंदी

जन्म व मृत्यूच्या नोंदी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयांत ठेवल्या जातात. परळ, लालबाग, काळाचौकी व शिवडी हा भाग एफ-दक्षिण विभागात, वरळी, लोअर परळ व प्रभादेवी जी-दक्षिण विभागात आणि भायखळा ई विभागात येतो. मालमत्ता कराच्या नोंदींतून घरमालकाचे नाव कळते, परंतु भाडेकरूचे नाव मिळेलच असे नाही. मतदारयाद्या इमारतीनुसार लावलेल्या असल्याने एका चाळीतील शेजारी कुटुंबेही त्यांत सापडतात.

इमारत पाडली गेली असली तरी भूखंडाचा सी.एस. क्रमांक हा शोधाचा भक्कम आधार ठरतो. मुंबई शहरात सी.एस. आणि उपनगरांत सी.टी.एस. क्रमांक वापरले जातात. मालमत्ता पत्रकावरून त्या भूखंडाच्या मालकीचा क्रम लावता येतो. इमारतीचे वय समजण्यासाठी उपकरप्राप्त इमारतींचे वर्गीकरणही उपयोगी पडते: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० पर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५० ते १९६९ मधील ‘क’ वर्गात मोडतात.

नकाशे, ग्रंथालये व अभिलेखागारे

१८६० च्या दशकाच्या मध्यापासून लॉटन यांनी केलेल्या सर्वेक्षणाच्या नकाशांत गिरणगावाची दाट वस्ती होण्यापूर्वीची वाड्या, तलाव आणि शेते यांची रचना दिसते. काळाघोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात मुंबई इलाख्याची सरकारी कागदपत्रे आहेत. एशियाटिक सोसायटी आणि १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे जुनी नियतकालिके उपलब्ध आहेत. टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या निर्देशिकांत व्यापारी, अधिकारी व व्यावसायिक यांची नावे प्रामुख्याने येतात, त्यामुळे कामगारांच्या शोधात त्यांचा उपयोग गिरण्या व रस्ते ओळखण्यापुरता मर्यादित राहतो.

सार्वजनिक मंडळांचे अहवाल

गणेशोत्सव मंडळे, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे यांच्या वार्षिक अहवालांत वर्गणीदारांची नावे छापली जातात व त्यांपैकी काहींत चाळीचा उल्लेखही असतो. चिंचपोकळी येथील सार्वजनिक उत्सव १९२० पासून, तर लालबाग बाजारातील उत्सव १९३४ पासून चालू आहे.

नोंदींतील उणिवा

बहुतेक कागदांत खोली ज्याच्या नावावर होती त्या पुरुषाचेच नाव येते. पोटभाडेकरू, पाहुणे म्हणून राहिलेले नातेवाईक आणि गावाच्या खोलीतील रहिवासी नोंदीबाहेर राहतात. स्त्रियांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत अनेक स्त्रिया काम करत, तसेच कित्येक जणी घरी खानावळ चालवत. तथापि भाडेपावतीवर त्यांचे नाव क्वचितच असे आणि विवाहानंतर नाव बदलल्याने आधीच्या नोंदींशी सांधा जुळत नाही. खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करणाऱ्या अन्नपूर्णा महिला मंडळासारख्या संस्थांचे (स्थापना १९७५) कार्य या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

ही पोकळी काही अंशी मौखिक इतिहासाने भरून निघते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या कथनांवर आधारित ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आठवणींत वर्षांचा घोळ होऊ शकतो, म्हणून संप, पूर, निवडणूक यांसारख्या ज्ञात घटनांशी ताळा घेऊन काळ ठरवला जातो.

एक उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या निवासस्थानांवरून पत्त्यांच्या स्वरूपातील फरक स्पष्ट होतो. रामजी सकपाळ यांचे कुटुंब मुंबईत आल्यावर प्रथम परळ भागातील डबक चाळीत राहिले. पुढे ते परळ येथील बीआयटी चाळ क्र. १ मधील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत राहू लागले आणि १९३० च्या दशकात डॉ. आंबेडकर दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहात गेले. पहिला पत्ता केवळ चाळीच्या नावाचा, दुसरा चाळ व खोलीच्या क्रमांकांचा, तर तिसरा स्वतंत्र घराचा आहे. सामान्य कामगार कुटुंबांचा माग बहुधा पहिल्या प्रकारापाशीच खुंटतो.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेहक्क मिळू शकतो. त्यामुळे चाळीच्या पुनर्विकासाच्या वेळी जुनी भाडेपावती व वास्तव्याचा पुरावा निर्णायक ठरतो.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार व त्यांचे वारस पात्र मानले गेले. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्जदारांची संख्या उपलब्ध घरांपेक्षा कितीतरी अधिक होती. या योजनेत तिकीट नंबर, हजेरीपत्रक, विमा क्रमांक यांसारखे पुरावे ग्राह्य धरले जातात. संपानंतर गावी परतलेल्या कुटुंबांकडे हे कागद राहिले नसल्यास वारसांना पात्रता सिद्ध करणे अवघड जाते. चाळी रिकाम्या होताना घरमालकांची भाडेवही, मंडळांचे अहवाल आणि शेजाऱ्यांच्या आठवणी यांचाही ठावठिकाणा सुटतो. म्हणून इमारत पाडण्यापूर्वी या नोंदींच्या प्रती करून ठेवणे उपयुक्त ठरते.

हेही पहा

- गिरणगाव
- १९८२ चा गिरणी कामगारांचा संप
- चाळ
- बीडीडी चाळ
- नारायण मल्हार जोशी