सत्त्याण्णव टक्के नापास

घरच्या समारंभाची फिल्म घरच्या घरी जोडणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देतो. "जेवायला येताय ना?" असं विचारलं, की तो म्हणतो, "बासष्ट झालेत."

२००७ सालच्या मे महिन्यात मी चार दिवस असा टक्क्यांत बोलत होतो. निमित्त अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सहस्रचंद्रदर्शनाचं. दादा, माझा थोरला भाऊ, अमेरिकेत. कोकणातल्या घराच्या विक्रीवरून १९९६ साली त्याचं आणि अण्णांचं जे वाजलं, त्यानंतर तो अकरा वर्षं साताऱ्याला फिरकला नव्हता. दोघांची एकमेकांना ख्यालीखुशालीसुद्धा माझ्यामार्फत कळे. समारंभालाही तो आला नाही. मुलाला पाठवलं, आणि मुलाबरोबर एक हाय डेफिनिशन कॅमेरा. पुतण्यानं सगळं हौसेनं टिपलं. पाहुणे पांगल्यावर अण्णांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जरा ते यंत्र इकडे कर." मग कॅमेऱ्याकडे बघत दादाशी दीडेक मिनिट बोलले. आम्ही सगळे एकदम पडद्याची दोरी, ताटं, सतरंज्या असं काहीबाही आवरायला लागलो.

पुतण्याचं विमान शनिवारी रात्रीचं. त्याआधी फिल्म तयार होऊन डिस्कवरून त्याच्या बॅगेत जायला हवी होती. त्यानं मंगळवारी माझ्याबरोबर बसून चाळीस मिनिटांची जुळणी केली, आणि "काका, आता फक्त रेंडर करायचंय," असं सांगून भावंडांबरोबर महाबळेश्वरला निघून गेला.

या 'फक्त'चा अर्थ मला बुधवारी कळला. वास्तविक, संगणकावर आपण कापाकापी करतो तेव्हा काहीच कापलं जात नाही. इथे तोडा, इथे उजेड वाढवा, इथे सनई घाला, अशी नुसती यादी होते. त्या यादीबरहुकूम एकेक चित्र खरोखर तयार करणं म्हणजे रेंडर. सामानाची यादी करणं आणि पंगतीचा स्वयंपाक करणं यात जो फरक, तोच इथे. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे चाळीस मिनिटांची ६०,०००. आमच्या यंत्रानं अंदाज सांगितला अकरा तास.

या कामात घरच्यांनी खपण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावला, त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर रोप भराभर वाढवून दाखवलं. त्या फितीच्या जोरावर त्यांना पैसे लावणारा मिळाला. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत, रसायनंही कालवत. घरात माणसांच्या जेवणाचं बघायचं ते निराळंच. १९१३ साली लोकांनी जे पाहिलं ते या बाईंनी आधी काळोखात चाचपलेलं होतं. त्यांना कोणी टक्के सांगत नव्हतं.

फिल्म निदान डोळ्यांना दिसायची. कात्रीनं कापा, चिकटवा, मोकळे व्हा. १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीनं व्हिडिओ टेप आणली, दोन इंच रुंद. पण तिच्यावर चित्र दिसेना. मग लोखंडाची भुकटी घातलेला द्रव लावून चुंबकीय रेघा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि ब्लेडनं कापायचं! हे वाचल्यापासून मी आमच्या संगणकाला शिव्या देताना थोडा हात राखून देतो. पुढे आपल्याकडे लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींचा जमाना आला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवायचं. दर प्रतीला नवरीचा शालू फिका आणि नवऱ्याचं नाक पसरट. वर तिचं मुखकमल बदामाच्या आकारात घालायची जी टूम निघाली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. आमच्याही कॅसेटीत बदाम आहे.

१९९५ साली डीव्ही कॅसेट आली आणि चित्राचे आकडे झाले. १९९९ साली अ‍ॅपलनं आयमूव्ही आणि २००० साली मायक्रोसॉफ्टनं मूव्ही मेकर संगणकाबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि दर आळीत एक संकलक निपजला. तोवर सारं ठीक होतं. घोटाळा झाला तो २००३ साली, चार जपानी कंपन्यांनी मिळून एचडीव्ही काढली तेव्हा.

हा घोटाळा मला समजला तो चाळीच्या हिशेबानं. जुन्या डीव्हीच्या एका चित्रात ४,१४,७२० ठिपके. नव्या एचडीव्हीत १५,५५,२००. म्हणजे बरोबर पावणेचार पट माणसं. खोली मात्र तीच! तीच कॅसेट, तीच तासाची फीत. मग एवढी माणसं राहिली कशी? तर एकत्र कुटुंब करून. डीव्हीत प्रत्येक चित्राची चूल वेगळी. कुठूनही तोडा, कोणाचं अडत नाही. एचडीव्हीत आपल्याकडच्या पद्धतीत बारा चित्रांचं एक कुटुंब. त्यात पुरं चित्र एकच, कर्त्या पुरुषाचं. बाकीचे अकरा जण नुसतं सांगतात, "बाबांचंच सगळं, फक्त माझा हात जरा वर." जागा वाचते खरी. पण मधूनच एकाला बाहेर काढायचं म्हटलं की सबंध घराची पुन्हा मांडणी. संगणक अकरा तास जे करतो ते हेच: साठ हजार जणांना आधी वेगळं करतो, रंग-पावडर करतो, आणि पुन्हा एकत्र नांदायला लावतो. ज्या घराण्याला दोन माणसं एकत्र नांदवता आली नव्हती, त्यानं यंत्राच्या वेगाला नावं ठेवू नयेत.

बुधवारी ४१ टक्क्यांवर वीज गेली. तेव्हा भारनियमन होतं. वीज ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही. संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरांचा इन्व्हर्टर उचलून आणला. रात्रभर यंत्र घरघरत होतं, आणि मी दर तासाला उठून बघत होतो. पहाटे ९७ टक्के झाले आणि पडद्यावर एक चौकट आली: काहीतरी चुकलं आहे. काय, ते नाही. मी पुन्हा सुरू केलं. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा ९७.

अण्णा निवृत्त गणितमास्तर. त्यांनी पडदा चष्म्याच्या वरून पाहिला. "माझ्या उभ्या नोकरीत सत्त्याण्णव टक्के मिळवून नापास झालेला हा पहिलाच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दोन्ही वेळा सत्त्याण्णवच ना? मग चाळीस मिनिटांचे सत्त्याण्णव टक्के काढ की."

अडतीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. मी तिथवर फीत नेली. अण्णांचं बोलणं चाललेलं. "बाळ, मागचं सगळं सोडून दे," आणि एकदम त्यांच्या चेहऱ्याचे राखी चौकोन झाले, क्षणभर. मग चेहरा परत आला. "ये एकदा."

फितीवर तिथे बारीकसा डाग होता. जुन्या कॅसेटीत अशा डागानं चित्रावर एक ठिपका उडाला असता, एवढंच. इथे नेमका कर्ता पुरुषच डागाखाली आलेला, त्यामुळे बाराच्या बारा चित्रं बसली. आमच्या पेटीतल्या 'घरगुती वापराच्या' प्रोग्रामला हे सोसेना. पुतण्या परतल्यावर कॅसेट पुन्हा उतरवून पाहिली. डाग जिथल्या तिथे. तो म्हणाला, "काका, ती बारा चित्रं काढून टाकू. अर्धंच सेकंद जाईल."

मी अण्णांना विचारायला गेलो. ते अंगणात बोरूच्या काडीनं दात कोरत बसले होते. "त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही काही बोलला होतात का?"

"नाही. नुसता थांबलो होतो."

ते काढलं. शुक्रवारी रात्री पुन्हा लावलं. शनिवारी सकाळी साडेनऊला शंभर टक्के झाले तेव्हा सौ.नं घरात साखर वाटली, आणि दुपारच्या गाडीनं डिस्क मुंबईला गेली. पुढे २०११पासून संगणकाच्या मुख्य चिपमध्येच व्हिडिओचं निराळं खातं उघडलं गेलं, आणि आता माझ्या खिशातला फोन त्या वेळच्या कितीतरी पट ठिपक्यांचं काम चहा निवेपर्यंत उरकतो. इन्व्हर्टर मात्र मी डॉक्टरांना तेव्हाच परत केला.

दहा-बारा दिवसांनी सकाळी फोन वाजला. घेतला अण्णांनीच. मला या बाजूचंच ऐकू येत होतं.

"हो... पाहिलीस?... हो... कुठे?... अच्छा, तिथे उडी मारते होय. ते तुझ्या भावानं कापलं. यंत्राला पचत नव्हतं... नाही रे, काही नव्हतं त्यात. श्वास घेत होतो." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत.

"बरं, ते राहू दे," ते शेवटी म्हणाले. "तिकीट कधीचं काढतोस ते बोल."