नील, मंजिष्ठ आणि शोणित

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. कापड, रसायने, औषधी द्रव्ये यांचे कारखाने येथे शेजारी शेजारी उभे आहेत. सोलापुरी चादरीचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांस या मुलखाचा रंगाशी असलेला संबंध निराळा सांगावयास नको. या वसाहतीजवळून जाताना आम्हांस सुश्रुताची आठवण होते, असे म्हटले तर वाचक हसतील. पण तिला कारण आहे. प्रमेहाचे जे वीस प्रकार त्याने सांगितले, त्यांतील पित्तजन्य सहांची नावे नील, हारिद्र, अम्ल, क्षार, मंजिष्ठ आणि शोणित अशी आहेत. नीळ, हळद, मंजिष्ठ ही तिन्ही रंगाऱ्याच्या घरची द्रव्ये! वैद्याने रोग्याचे मूत्र न्याहाळले आणि त्याच्या मुखी शब्द आले ते रंगाऱ्याच्या रांजणातले. हा केवळ उपमेचा संबंध होता. पुढे त्याला कार्यकारणाचे रूप यावयाचे आहे, हे त्या वैद्याच्या स्वप्नीही येणे शक्य नव्हते.

ते रूप आले डांबरातून. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात येऊन आमच्या निळीच्या शेतांवर संक्रांत आली. हा इतिहास आपण व्यापाराचा म्हणून शिकतो व शिकवितो. त्याच काळात फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या शस्त्रवैद्यास मात्र निराळेच काही दिसले. फुक्सीन हा किरमिजी रंग तयार करणाऱ्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यास कर्करोग आढळला. १८९५ साली त्याने ही हकीकत जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढे मांडली. त्याने दोष ॲनिलीनला दिला. खरे अपराधी पुढे बीटा-नॅफ्थिलअमीन व बेन्झिडीन ही ठरली. ही द्रव्ये श्वासाने वा त्वचेतून शरीरात शिरतात, यकृतात त्यांचे रूपांतर होते, आणि मूत्राबरोबर ती मूत्राशयात येऊन साठतात. घरातील केर ज्या कोपऱ्यात जमावा, तोच कोपरा कुजावा, तसा हा प्रकार आहे.

रेनच्या तीन रोग्यांनी जे सांगितले, ते जगाने मान्य करण्यास किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीने या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. १९३८ मध्ये अमेरिकेत ह्यूपर याने कुत्र्यांवर प्रयोग करून बीटा-नॅफ्थिलअमीनचा गुन्हा शाबीत केला. १९५४ मध्ये केस व त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कामगारांच्या मृत्युनोंदी चाळून तेच आकड्यांनी सिद्ध केले, आणि कायदा झाला १९६७ साली. म्हणजे बहात्तर वर्षे! आमच्या देशात १९९७ पर्यंत अशा ११२ रंगांवर सरकारने बंदी घातली. तीपूर्वी, १९९४ मध्ये, जर्मनीने अंगाला लागणाऱ्या कापडातील अशा रंगांस मनाई केली होती. परदेशी गिऱ्हाइकाच्या कातडीची काळजी आमच्या रंगाऱ्याच्या मूत्राशयाच्या काळजीहून आधी कायद्यात उतरली, असे म्हणणे कडू वाटेल. परंतु तारखा तर तेच सांगतात.

तथापि ज्यास रंगाचा स्पर्शही झाला नाही, त्यालाही हा रोग होतो. धूम्रपान हे त्याचे मोठे कारण आहे. तंबाखूच्या धुरात हेच नॅफ्थिलअमीन असते, आणि विड्या वळण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरास हे कळणे अगत्याचे आहे. पण आणखी एक वाट आहे, ती दाहाची. बिलहार्झ याने १८५१ मध्ये कैरो येथे मनुष्याच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी शोधून काढला. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात, तेथे वर्षानुवर्षे दाह चालतो, व शेवटी पुष्कळदा कर्करोग उद्भवतो, हे १९११ मध्ये फर्ग्युसन याने ईजिप्तमधील रोग्यांवरून दाखविले. हा कृमी आमच्याकडे नाही, अशी समजूत होती. पण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांस रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रातून रक्त जाणारे रोगी आढळले आणि त्यांच्या मूत्रात याच जातीची अंडी सापडली. कोकणातील एका खेड्याचे नाव जगाच्या वैद्यक ग्रंथांत शिरले ते असे.

जुनाट दाह व कर्करोग यांचे नाते व्हिर्शो याने १८६३ मध्येच बोलून दाखविले होते. गाठीत त्यास रक्तातील श्वेत पेशी दिसल्या होत्या. त्या पेशी तेथे कोणाच्या बोलावण्यावरून येतात, हे मात्र कळावयास आणखी शंभर वर्षे गेली. पेशी एकमेकींस निरोप धाडतात आणि हे निरोप म्हणजे सूक्ष्म प्रथिने असतात. १९७५ मध्ये त्यांतील एकास ‘गाठ मारणारा घटक’ असे नाव मिळाले, आणि पुढे असे दिसले की तोच घटक थोडा थोडा व दीर्घकाळ स्रवला तर गाठीस पोसतो. नामकरणाची घाई शास्त्रज्ञांसही भोवते! १९८०च्या दशकात इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ यांची ओळख पटली. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांच्या मूत्रात यांतील आठव्याचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले आढळते. सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था वर्णिल्या, त्या डोळ्यांनी व बोटांनी पारखून. आज तीच पारख मूत्राच्या चार थेंबांत करण्याची ही खटपट आहे.

येथे वाचकांस सावध केले पाहिजे. मुतखडा झाला किंवा मूत्रमार्गात साधा जंतुसंसर्ग झाला, तरी हे निरोप वाढतात. म्हणून एका निरोपावरून निदान होत नाही. अनेक खुणा एकत्र वाचाव्या लागतात. निट्झे याने १८७०च्या दशकात बनविलेल्या दुर्बिणीची सुधारलेली आवृत्ती मूत्राशयात घालून पाहणे, हीच अद्याप मुख्य परीक्षा आहे.

आणि या दाहाचे आणखी एक नवल आहे. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस याने क्षयाची लस, म्हणजे बी.सी.जी., नऊ रोग्यांच्या मूत्राशयात सोडली. आठवड्यास एक, अशा सहा मात्रा. त्या सहाच का, तर लशीच्या पेटीत कुप्या सहा असत! लशीने जाणूनबुजून दाह पेटतो व त्या दाहात वरच्या थरातील गाठींच्या पेशी जळतात. जो दाह गिमवीत घातक, तोच येथे औषध. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत मूत्रात इंटरल्युकिन-८ किती चढते, यावरून उपचार लागू पडेल की नाही, हे ताडण्याचे प्रयत्न झाले आहेत. कर्करोगासाठी वापरावयाची ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते, म्हणजे चिंचोळीवरून जाणाऱ्या रस्त्याच्याच दुसऱ्या टोकाला.

या रोगाची पहिली खूण बहुधा वेदनारहित रक्त हीच असते. दुखत नाही, म्हणून मनुष्य ‘उष्णता झाली’ असे म्हणून सब्जाचे पाणी पितो. रक्त दोन दिवसांनी आपोआप थांबते, आणि औषधाने गुण आला असे वाटते. शिवाय रंगाशी संबंध सुटल्यावर वीस वर्षांनीही हा रोग प्रकट होऊ शकतो. तोपर्यंत रंगखात्यातला तरुण म्हातारा होऊन कोठे तरी रखवालदार झालेला असतो. रेन यास सत्य सापडले, कारण आपले रोगी कोणत्या कारखान्यातले हे त्यास ठाऊक होते. इंटरल्युकिन दाह आहे एवढे सांगेल; तो कोणत्या हौदावरून आला, हे सांगणार नाही. ते रोग्यालाच विचारले पाहिजे. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात वैद्यांच्या नेहमीच्या प्रश्नांत एक नवा प्रश्न घातला होता : तुम्ही धंदा कोणता करता? चिंचोळीच्या बाबतीत त्या प्रश्नाचा काळ तेवढा बदलावा लागेल : तुम्ही पूर्वी धंदा कोणता करीत होता?