लांब फेकण्याची विद्या: गोफण आणि थाळी

माझा एक भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो तिथे डिस्क गोल्फ खेळतो. प्लास्टिकची थाळी लांबवर फेकत न्यायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, असा हा खेळ. परवा फोनवर म्हणाला, "मामू, लांब जावी म्हणून सगळ्यात वेगवान ड्रायव्हर विकत घेतली, तर ती पहिलीपेक्षा जवळच पडते!" पहिला, लांबचा फटका मारायच्या थाळीला तिकडे ड्रायव्हर म्हणतात. त्याला वाटले, हा प्रश्न नव्या खेळातला आहे. खरे तर तो फार जुना आहे आणि आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना त्याचे उत्तर ठाऊक होते.

आधी थाळीचा इतिहास पाहू. फ्रेड मॉरिसन यांनी बनवलेली प्लास्टिकची थाळी १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली आणि तिचे नाव फ्रिस्बी पडले. १९७५ साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियात डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. तोवर सगळ्या थाळ्या जाड, गोल कडेच्या होत्या. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी कडेला उतार दिलेली थाळी आणली. निमुळत्या कडेमुळे हवेचा अडथळा कमी झाला आणि अंतर एकदम वाढले. २०१६ साली डेव्हिड विगिन्स या खेळाडूने नेवाडाच्या मोकळ्या मैदानात वाऱ्याची साथ घेऊन थाळी ३३८ मीटर लांब फेकली.

आज बऱ्याच थाळ्यांवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणे, सुरुवातीचे वळण आणि शेवटची कलाटणी. यातला वेगाचा आकडा फसवा आहे. तेरा वेगाची थाळी आपोआप वेगाने जात नाही. तिला नीट उडवायला हातातून तेवढा वेग आणि तेवढी फिरकी द्यावी लागते. ती दिली नाही, तर उजव्या हाताने उलटी फेकलेली थाळी मध्येच डावीकडे वळून खाली येते. म्हणून नवख्याने सहा-सात वेगाची आणि वजनाला थोडी हलकी थाळी घ्यावी. तीच त्याच्या हातून जास्त लांब जाते. भाच्याला मी हेच सांगितले.

आता मागे जाऊ. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सैनिक तैग्रिस नदीच्या काठाने मायदेशी परतत होते. इराणी गोफणवाले त्यांना दुरून बेजार करत होते. त्या सैन्यातल्या झेनोफनने पुढे लिहून ठेवले, की ऱ्होड्स बेटावरच्या सैनिकांना गोफण चालवता येत होती आणि त्यांचा मारा इराण्यांच्या दुप्पट लांब जात होता. कारण साधे होते. इराणी लोक मूठभर मोठे दगड फेकत, तर ऱ्होड्सवाले शिशाच्या लहान गोळ्या. लहान आणि जड गोळीला हवा कमी अडवते. अंतर वाढवण्यासाठी काय निवडावे, याची ही लेखी नोंद चोवीसशे वर्षांपूर्वीची आहे.

आपल्याकडे ज्वारी-बाजरी दाण्यात आली, की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत पाखरे हाकली जात. दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवायला विणलेला पट्टा. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचे टोक चिमटीत. चिमूट नेमक्या वेळी सुटली, की दोरीचा फटकारा ऐकू येई आणि भोरड्यांचा थवा उठे. गुंडे कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या पात्रातले, गोल आणि गुळगुळीत. फार हलका खडा हवेतच दम सोडतो, फार जड दगड हाताला ओढतो. दोरीचेही तसेच. लांब दोरी वेग देते, पण ती पेलणारा हात हवा. लहान मुलाला म्हणून आखूड गोफण विणून देत. १९८१ साली अमेरिकेत एकाने गोफणीने ४३७ मीटरचा विक्रम केला, तेव्हा त्याचा दगड अवघा ५२ ग्रॅमचा होता.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीत गोफण, उर्दूत गोफन, फारसीत फलाखन. अरबीत 'रमी' म्हणजे फेकणे, आणि बाण मारणेही. हजमध्ये जमरातला खडे मारतात, ती रमीच. शक्ती म्हणजे रमी, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद यांनी जालूतला मारले, हे सूरह बकराच्या २५१व्या आयतीत आहे. गोफणीचा तपशील बायबलमध्ये येतो. आणि उगाच बोटांनी खडे उडवण्याला हदीसमध्येच मनाई आहे, कारण त्याने शिकार होत नाही, कुणाचा तरी डोळा मात्र जातो. फेकण्याच्या विद्येसोबत तिची मर्यादाही शिकवली गेली.

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे अशी धरणे झाली. पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आणि टोमॅटो आले. ज्वारी-बाजरी मागे पडली आणि तिच्याबरोबर गोफणही गेली. उसात आता बिबटे राहतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी गोफण पाहिलेलीच नाही.

याची मला खंत वाटते. जुन्नर म्हटले, की मुलांना शिवनेरी आठवते, निजामशाही आठवते, आणि लगेच कोण कुणाच्या बाजूचे हा हिशेब सुरू होतो. तलवारींचा इतिहास असा वाटून घेता येतो. गोफणीचा येत नाही. ती मराठ्याच्या, माळ्याच्या, ठाकराच्या, महादेव कोळ्याच्या शेतात होती, तशीच मुसलमानाच्या शेतातही होती. पाखरे कुणाचे शेत हे विचारून उतरत नसत.

ज्यांच्या घरी गोफण विणता येणारी आजी किंवा नानी अजून आहे, त्यांनी या सुट्टीत तिच्याकडून ती विणून घ्यावी, आणि मुलांना शेजारी बसवून गाठी कशा मारतात ते पाहू द्यावे. मग मोकळ्या माळावर, समोर कुणी नाही हे बघून, एक गुंडा फेकून पाहावा.