हळदीचा दाखला

सरोजिनी नगरास विनय नगर म्हणत, त्या काळापासून येथील मराठी घरांत एक रीत चालत आली. रजेवर गावी गेलेला माणूस परतताना गोड्या मसाल्याबरोबर सांगलीची हळदही आणी. हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या त्या हळदीचा उपयोग स्वयंपाकापुरता नव्हता. मुलाचा गुडघा फुटला की तीच जखमेवर दाबली जाई आणि मुरगळलेल्या पायावर तिचाच लेप चढे.

या घरगुती ज्ञानाची एकदा विलक्षण परीक्षा झाली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल, ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. त्याच वर्षी मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटास आव्हान दिले.

अडचण कायद्यात होती. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशातील केवळ वहिवाट पुरावा ठरत नसे; छापील नोंद हवी असे. कोट्यवधी आज्यांची साक्ष तेथे निरुपयोगी होती. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी आदी भाषांतील ३२ संदर्भ शोधून काढले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने हे दावे अमान्य केले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले, त्यामागे हाच धडा होता.

शास्त्रानेही हळदीची दखल पूर्वीच घेतली होती. तिच्यातील पिवळे द्रव्य कर्क्युमिन १८१५ साली वेगळे करण्यात आले; १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना उलगडली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी १९७३ मध्ये कर्क्युमिनमुळे प्रयोगशाळेतील उंदरांच्या पंजाची सूज उतरते, असे प्रसिद्ध केले. डॉ. सातोसकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर त्याची रुग्णांमध्ये चाचणी घेतली.

मात्र अभिमानाच्या भरात विवेक सुटू नये. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. प्रयोगशाळेतील यश रुग्णशय्येपर्यंत सहजी पोहोचत नाही. पेटंट रद्द झाले ते हे ज्ञान जुने होते म्हणून; हळद सर्व रोगांवर रामबाण आहे, असे त्यातून सिद्ध झाले नाही. हळदीचे दूध अवश्य प्यावे, पण वैद्यांचा सल्ला टाळून नव्हे.

ज्यांचे आयुष्य सरकारी फायलींत गेले, त्यांना या इतिहासाचे मर्म चटकन कळावे. ज्याची नोंद नाही, त्याचा दावा टिकत नाही. आज सरोजिनी नगरातील जुनी सरकारी घरे पाडली जाऊन तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. ज्या स्वयंपाकघरांत ही औषधे उगाळली गेली, त्यांच्या भिंती आता उरणार नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या वृद्धांकडून वनस्पतीचे नाव, वापरण्याची रीत, प्रमाण आणि गाव एवढे तरी विचारून लिहून ठेवावे. १९५३ साली तो लेख लिहिणारास तरी कोठे ठाऊक होते, की चव्वेचाळीस वर्षांनी तो देशाच्या कामी येईल!